दगडाखालचं वर्ष : मुंबईजवळच्या डोंगरी ओढ्यातले तळजीव कसे पाहावेत

मुंबईकराला ओढा आठवतो तो जुलैमध्ये. कर्जत लोकल धरायची, भिवपुरी रोडला नाहीतर नेरळला उतरायचं, धबधब्याखाली भिजायचं, गरम भजी खायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. नेमक्या त्याच दिवसांत ओढ्याच्या तळाशी पाहण्यासारखं सगळ्यात कमी असतं. दगडांना धरून राहणाऱ्या अळ्या, गोगलगायी, कोळंब्या, खेकडे यांची वस्ती दिसायला लागते ऑक्टोबरपासून. ती भरते डिसेंबर-जानेवारीत आणि एप्रिलपर्यंत ओळखू न येण्याइतकी बदलते. हा बदल स्वतः कसा टिपायचा ते इथे सांगतो. त्यासाठी जीवशास्त्राची पदवी लागत नाही. वर्षातले चार-पाच रविवार आणि गुडघाभर पाण्यात तासभर वाकून उभं राहण्याची तयारी एवढं पुरे.

सुरुवातीलाच एक पथ्य. एका भेटीवरून ओढ्याबद्दल काहीही ठरवायचं नाही. ‘अमुक किडा सापडला म्हणजे पाणी स्वच्छ, तमुक सापडला म्हणजे घाण’ अशी कोष्टकं तुम्हाला सहज मिळतील. ती खोटी नाहीत, पण ऋतू बाजूला ठेवून वापरली की हमखास फसवतात. मे महिन्यातल्या निर्मळ ओढ्याची यादी कधीकधी जानेवारीतल्या सांडपाणी मिसळलेल्या ओढ्यासारखी दिसते. म्हणून जागा तीच, पद्धत तीच आणि ऋतू वेगवेगळे, एवढं पाळायचं. बाकी सगळं शिकता शिकता जमतं.

कोणाला शोधायचं

ज्यांना पाठीचा कणा नाही, जे नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि आयुष्याचा सगळा किंवा बराचसा भाग पाण्याच्या तळाशी काढतात, ते तळजीव. अभ्यासक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीत अडकतील तेवढे मोजतात. आपणही तेच माप धरू.

यातल्या पुष्कळांना आपण मोठेपणी हवेत पाहिलेलं असतं. चतुर आणि टाचणी यांचं बालपण पाण्यात जातं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांचंही तसंच. त्यांना मराठीत रुळलेली नावं नाहीत, म्हणून हीच वापरू. मेफ्लायचं प्रौढ रूप काही तास, फार तर एखाद-दोन दिवस जगतं. त्याला खाता येत नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं. त्याचं खरं आयुष्य दगडाखालीच गेलेलं असतं.

जागा निवडताना

माथेरानच्या पायथ्याचे, वांगणी-नेरळ-भिवपुरी पट्ट्यातले ओढे सुरुवातीला चांगले. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट असल्यामुळे तळाशी गोटे असतात, पाणी उथळ असतं आणि लोकलने पोहोचता येतं. जागा अशी हवी, की एकाच शंभर मीटरच्या टप्प्यात तिन्ही प्रकार मिळतील : पाणी जिथे दगडांवरून आवाज करत धावतं तो खळाळ, जिथे थांबतं तो डोह आणि काठाला अडकलेला पाचोळा. वरच्या अंगाला गाड्या धुण्याची जागा, दगडखाण किंवा पिकनिकचा तळ नसावा.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली दहिसर नदी घराजवळ आहे म्हणून मोह होईल. तुळशी तलावाच्या बाजूने उतरणारा तिचा वरचा भाग खरोखर सुंदर आहे. पण राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय एक शिंपलाही उचलता येत नाही, १९७२चा वन्यजीव कायदा तिथे कडक लागू आहे. वनखात्याच्या बाकीच्या हद्दीतही आधी विचारायचं. गावाच्या हद्दीत असाल तर वाडीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला काय करताय ते सांगून ठेवा. उन्हाळ्यात तोच डोह त्यांच्या पिण्याचा असू शकतो. तो गढूळ केला तर शिव्या तुमच्या हक्काच्या.

जागा ठरली की मोबाइलवर तिचं ठिकाण नोंदवा आणि चारी दिशांनी फोटो काढा. काठावरच्या एका मोठ्या, न हलणाऱ्या खडकावर ऑइलपेंटची बारीक खूण करा. पाण्याची पातळी त्या खुणेपासून किती खाली आहे, हे प्रत्येक भेटीत मोजायचं. पुढे सगळ्यात जास्त कामाला हाच आकडा येतो.

सामान

सगळ्यात महत्त्वाची जाळी. घरची मच्छरदाणी कापून काम भागेल असं वाटतं, पण तिची भोकं मिलिमीटरपेक्षा मोठी असतात आणि लहान अळ्या त्यातून निघून जातात. मग तुमच्या ओढ्यात मोठेच जीव आहेत असा भलताच निष्कर्ष निघतो, विशेषतः ऑक्टोबरमध्ये, जेव्हा सगळीच पिल्लं बारीक असतात. अर्ध्या मिलिमीटरची नायलॉनची जाळी घ्या आणि ती सपाट बुडाच्या चौकोनी चौकटीला शिवून घ्या. मत्स्यालयाचं सामान विकणारी दुकानं क्रॉफर्ड मार्केटात आहेत. ड्रॉपर, छोट्या बाटल्या, चिमटे प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात.

शिवाय तीस सेंटिमीटर बाजूची एक चौकट लागेल. लोखंडी गजाची केली तर ती पाण्यात बसून राहते. एवढ्या मापाच्या चौकटीला जाळी जोडून नदीचा तळ मोजायची पद्धत सर्बर या अभ्यासकाच्या नावाने १९३७ पासून चालत आली आहे. आपली चौकट हा तिचा गरीब भाऊ. पांढरा, पसरट ट्रे हवा, कारण स्टीलच्या ताटात काहीही दिसत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, थर्मामीटर आणि पेन्सिल घ्या. पेनची शाई ओल्या वहीत टिकत नाही.

नमुने अल्कोहोलमध्ये ठेवायचे का, असं नवखे विचारतात. पहिल्या वर्षी नको. शुद्ध अल्कोहोल आपल्याकडे परवान्याशिवाय मिळत नाही, आणि ओळखता येत नसलेल्या जीवांनी भरलेल्या बाटल्या घरात साठवून साधत काहीच नाही. ट्रेमध्ये पट्टी ठेवून फोटो काढा, मोजा, सोडून द्या.

दिवस कॅलेंडरवर नाही, पावसावर ठरवा

मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे आणि वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. पण ओढ्याला तारीख कळत नाही, त्याला शेवटचा पूर कळतो. म्हणून पहिली भेट शेवटच्या मोठ्या पाण्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. दुसरी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत कधीही. तिसरी मार्चमध्ये, धार बारीक झाली की. चौथी मेमध्ये, डोहच उरलेले असताना. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस जोरात कोसळला तर घड्याळ पुन्हा शून्यावर आणून मोजा. हे न पाळता दोन वर्षांचे ऑक्टोबर शेजारी ठेवले तर एका वर्षी ओढा मेला आणि दुसऱ्या वर्षी जिवंत झाला असं वाटेल. खरं तर एका वर्षी पूर आठवड्यापूर्वी गेलेला असतो आणि दुसऱ्या वर्षी महिन्यापूर्वी.

जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही. डोंगरावर पडलेला पाऊस खाली दिसत नाही आणि लोंढा मिनिटांत येतो. प्रशासन दर पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई करतं ती उगाच नाही. शिवाय लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका आहे. पायाला जखम असेल तर उरलेल्या महिन्यांतही गमबूट घालूनच उतरा आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना ओढ्यात गेल्याचं आवर्जून सांगा.

नमुना कसा घ्यायचा

नेहमी खालून वर चढत जायचं, म्हणजे आपण ढवळलेलं पाणी पुढच्या जागेवर येत नाही. पाण्यात उतरायच्या आधी तापमान घ्या. पाण्याचा वेग मोजायला संत्र्याची साल उत्तम. ती पाच मीटर वाहू द्या, सेकंद मोजा, भागाकार करा. पृष्ठभागावरचा वेग तळापेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ०.८५ ने गुणलं की सरासरीच्या जवळ जाता येतं.

खळाळात चौकट टेकवा आणि जाळी तिच्या लगेच खालच्या बाजूला उभी धरा. चौकटीतला एकेक दगड उचलून जाळीच्या तोंडाशी सगळ्या बाजूंनी हाताने चोळा. ब्रश फक्त चिकट जीवांसाठी. दगड संपले की उरलेली वाळू-खडी बोटांनी पाच ते दहा सेंटिमीटर खोलवर ढवळा. प्रवाह सगळं जाळीत आणून टाकतो. ते ट्रेमध्ये ओता, वर दोन बोटं पाणी घाला आणि दोन मिनिटं काहीही करू नका. काडी म्हणून दुर्लक्षिलेली वस्तू चालायला लागते ती याच दोन मिनिटांत.

अशा तीन चौकटी, तीन वेगवेगळ्या खळाळांतून. मग घड्याळ लावून तीन मिनिटं काठचं गवत, मुळं आणि पाचोळा जाळीने खरवडायचा. हा नमुना वेगळ्या ट्रेमध्ये. चौकटीतला आकडा ११ ने गुणला की साधारण चौरस मीटरचा आकडा मिळतो. काठच्या नमुन्यातून संख्या काढू नका, त्याचा उपयोग फक्त यादीला. चतुराची पिल्लं दिसली की लगेच वेगळ्या डबीत काढा, नाहीतर तुम्ही मोजेपर्यंत ती मोजायच्या गोष्टी खाऊन टाकतील.

दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेवायचा. उलटा ठेवलेला दगड म्हणजे खालच्यांना ऊन आणि वरच्यांना अंधार. सगळ्या पायऱ्यांमध्ये लोक कंटाळा करतात तो इथेच.

ओळख : कुळापर्यंत पोहोचलात तरी खूप

प्रजातीचा नाद सोडा. आपल्या ओढ्यांतल्या कित्येक पिल्लांची प्रजात सांगणं तज्ज्ञांनाही जमत नाही. कुळ, म्हणजे नात्यातल्या प्रजातींचा मोठा गट, ओळखता आलं तरी ऋतूचं चित्र पुरेसं उमटतं.

मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या कडेला हलणारे कल्ले आणि प्रत्येक पायाला एकच नखी. स्टोनफ्लायला दोन शेपट्या आणि पायाला दोन नख्या. आपल्याकडच्या ओढ्यांत मिळतात त्या बहुतेक पर्लिडी कुळातल्या. शेपट्या तुटतात, म्हणून नख्या पाहायची सवय लावा. मेफ्लायमधली हेप्टाजेनिडी चपटी असतात, दगडाला घट्ट धरतात आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. बेटिडी मात्र निमुळती आणि चपळ, ट्रेमध्ये झटक्यात पोहतात.

कॅडिसफ्लायच्या काही अळ्या वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून घर बांधतात. हायड्रोसायकिडी कुळातल्या अळ्या असं सोबत नेता येणारं घर बांधत नाहीत. त्या दगडांच्या फटीत रेशमाची जाळी प्रवाहाच्या तोंडाशी ताणतात आणि वाहत येईल ते खातात. काळ्या माशीच्या अळ्या शेपटाकडून दगडाला चिकटतात आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून पाणी गाळतात. या दोघी लक्षात ठेवा, ऋतूचं निम्मं कोडं त्याच सोडवतात. त्यांना अन्न शोधायला जावं लागत नाही, प्रवाह ते आणून देतो. प्रवाह थांबला की दाणापाणी थांबलं.

लालभडक, वेटोळे घालणाऱ्या अळ्या कायरोनोमिडी कुळातल्या. हिमोग्लोबिनमुळे त्या लाल दिसतात आणि कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात. याच कुळातल्या फिक्या, हिरवट अळ्या स्वच्छ पाण्यातही भरपूर असतात, त्यामुळे वहीत रंग लिहा. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. चिमट्याने हलकेच ओढून पाहिला की शंका राहत नाही.

आता वर्ष

पहिल्या पावसाने ओढा स्वच्छ होतो हा गैरसमज. पहिला लोंढा उन्हाळाभर साठलेलं शेण, राख, माती, रस्त्याचं तेल घेऊन येतो. त्याच रात्री वाड्यांमधली माणसं बत्त्या घेऊन वलगणीचे मासे आणि मुठे पकडायला बाहेर पडतात, कारण बिळांत दडलेले खेकडे आणि अंडी घालायला वर चढणारे मासे दोन्ही पावसानेच हलवलेले असतात. तुम्ही काठावरून बघा.

जुलैतल्या मोठ्या पाण्यात तळाचे गोटे अक्षरशः गडगडतात. दगडावरचा शेवाळाचा थर खरवडला जातो, पाचोळा निघून जातो, बारीक जाळ्या फाटतात. बहुतेक जीव वाहून जातात. पण सगळे नाहीत. काही तळाखालच्या खडीत, दगडांच्या पोकळ्यांत खोल शिरतात, काही काठच्या बुडालेल्या गवतात आडोसा घेतात, काही छोट्या उपओढ्यांत टिकतात जिथे पाण्याला तेवढा जोर नसतो. आणि काही त्या वेळी पाण्यात नसतातच, प्रौढ होऊन हवेत असतात. पुन्हा वस्ती करायला हेच शिल्लक भांडवल. म्हणून काठचं गवत छाटून सिमेंटच्या भिंती बांधलेल्या ओढ्याला पुरानंतर सावरायला वेळ लागतो. मुंबईतल्या नद्यांना भिंती घालताना या आडोशाचा विचार कोण करतं?

पूर ओसरला की मोकळ्या, धुतलेल्या दगडांवर सगळ्यात आधी येतात बेटिडी आणि काळ्या माशीच्या अळ्या. उष्ण प्रदेशातली बेटिडी थोड्या आठवड्यांत मोठी होतात आणि वर्षातून अनेक पिढ्या काढतात, त्यामुळे रिकामी जागा त्यांच्या हाती पडते. ऑक्टोबरच्या नमुन्यात म्हणून संख्या भरपूर आणि विविधता कमी दिसते, आणि सगळं इतकं बारीक की ओळखताना डोळे दुखतात. या महिन्यात यादी अपुरी राहिली तर वाईट वाटून घेऊ नका. संध्याकाळी जवळच्या वाडीतल्या दिव्याखाली मात्र नक्की पाहा. काचेसारख्या पंखांचे मेफ्लाय तिथे जमतात, आणि आपण दगडाखाली पाहिलं ते पुढे काय होतं हे कळतं.

डिसेंबर-जानेवारी हा खरा हंगाम. पाणी संथ पण वाहतं, नितळ, थंड. दगडांवर शेवाळाचा पातळ थर पुन्हा बसलेला, तो खरवडून खाणारी हेप्टाजेनिडी आता मोठी झालेली. स्टोनफ्लाय सापडतील तर आताच. घरं बांधणारे कॅडिस, गोल चपट्या भुंगेऱ्याच्या अळ्या, गोगलगायी, कोळंब्या. एकाच चौकटीत शिकारी, चरणारे, गाळणारे असे सगळे व्यवसाय हजर असतात. तापमानाचाही हात आहे : २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६च्या आसपास. एकच भेट जमणार असेल तर ती जानेवारीत द्या. अर्थात एका भेटीवरून काही ठरवायचं नाही हे वर सांगितलंच आहे.

पानगळ सुरू झाली की पाचोळ्यात हात घाला. थंड देशांच्या नद्यांवरच्या लेखनात पानं कुरतडणाऱ्या अळ्यांचं मोठं कौतुक असतं. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ ओढ्यांत त्या कमी, आणि हे काम खेकडे-कोळंब्या बरंचसं उचलतात. परदेशी पुस्तक उघडून ‘आपल्याकडे अमुक नाही, म्हणजे ओढा बिघडला’ असं म्हणायची घाई इथे अनेकदा होते.

मार्चपासून खळाळ गप्प होतो. धार बारीक होते तशी हायड्रोसायकिडी आणि काळ्या माशीच्या अळ्या यादीतून गळतात, कारण वर सांगितलं तेच. एप्रिल-मेमध्ये डोह उरतात आणि त्यात वेगळंच बिऱ्हाड भरतं. चतुरांची पिल्लं, त्यातली गोम्फिडी वाळूत पुरून बसलेली. पाणढेकूण, ज्यांच्यात मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि तो ती उबवेपर्यंत वागवतो. पाणभुंगेरे, गोगलगायी, पाचोळ्याच्या चिखलात लाल कायरोनोमिडी. हे सगळे साठलेल्या, कोमट पाण्याला सरावलेले.

मेमध्ये नवखे हटकून गोंधळतात. चौकट डोहात टाकली की संख्या जानेवारीपेक्षाही जास्त येऊ शकते. जीव वाढलेले नसतात, पाणी आकसलेलं असतं. शंभर मीटरच्या टप्प्यात पसरलेले जीव चार डोहांत कोंबले गेले की चौरस मीटरचा आकडा फुगणारच. म्हणून दर भेटीला ओल्या तळाची लांबी-रुंदी अंदाजे मोजून ठेवा आणि संख्या तिच्यासोबतच वाचा. आणखी एक : एखाद्या डोहात कोळंब्या आणि मासे एकदमच मेलेले दिसले तर उन्हाळ्यावर खापर फोडू नका. मासे पकडायला ब्लिचिंग पावडर किंवा झाडांचं विष टाकण्याची खोड काही ठिकाणी आहे. त्या नमुन्यावर तशी नोंद करा आणि ऋतूच्या हिशेबातून तो वगळा.

हिमालयातल्या अभ्यासांशी तुलना करताना जपून. गढवालमधल्या अलकनंदा-भागीरथीच्या खोऱ्यांतही हिवाळ्यात तळ गजबजतो आणि पावसाळ्यात ओसाड पडतो, तेवढं जुळतं. पण तिथे उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी चढतं आणि आपला ओढा त्याच महिन्यांत आटतो. मेची दोन चित्रं शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

गुणांचं गणित आणि त्यातला खड्डा

ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत तयार झाली. ती तयार करणाऱ्या ‘बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी’वरून तिचं संक्षिप्त नाव बीएमडब्ल्यूपी. घाणीला न टिकणाऱ्या कुळाला १०, कशातही जगणाऱ्याला १. गुणांची बेरीज कुळांच्या संख्येने भागली की सरासरी मिळते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकषही याच विचारावर बेतलेले आहेत.

समजा जानेवारीत सहा कुळं मिळाली : पर्लिडी १०, हेप्टाजेनिडी १०, लेप्टोफ्लेबिडी (हेही मेफ्लायचं कुळ) १०, हायड्रोसायकिडी ५, बेटिडी ४, कायरोनोमिडी २. बेरीज ४१, सरासरी ६.८. त्याच जागी मेमध्ये गोम्फिडी ८, लिबेल्युलिडी (हेही चतुरांचं कुळ) ८, कोरिक्सिडी (पाण्यातले ढेकूण) ५, बेटिडी ४, लिम्नेइडी (गोगलगायी) ३, कायरोनोमिडी २. बेरीज ३०, सरासरी ५. कुणी थेंबभर सांडपाणी सोडलेलं नाही, तरी ओढा जवळजवळ दोन गुणांनी घसरला. हे उदाहरण रचलेलं आहे, पण घसरण अशीच होते.

त्यात लिबेल्युलिडीचे ८ गुण मला आपल्याकडे पटत नाहीत. या कुळातले चतुर मुंबईत गढूळ डबक्यांतही वाढतात. ते गुण काढून टाकले तर मेची सरासरी आणखी खाली येईल. मूळ कोष्टक ब्रिटिश नद्यांचं आहे, ते आपल्या पाण्यावर जसंच्या तसं बसत नाही. म्हणून गुण वापरायचे ते फक्त दोन कामांना : एकाच दिवशी वरच्या आणि खालच्या जागेची तुलना करायला, आणि एकाच जागेचे दोन वर्षांचे तेच महिने ताडून पाहायला. जानेवारीची मेशी तुलना करून बातमी करायची नाही.

जिथे ऋतूच दिसत नाहीत

एक वर्ष पूर्ण झालं की दुसरी जागा जोडा, मुद्दाम वेगळी.

भिवपुरीच्या जलविद्युत केंद्राचं पाणी पेज नदीत सुटतं, खोपोलीचं पाताळगंगेत. खोपोलीचं वीजघर १९१५ पासून, भिवपुरीचं १९२२ पासून. घाटमाथ्यावर अडवलेलं, एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेलं असतं ते पाणी इथे पश्चिमेला उतरवलं जातं. त्यामुळे शेजारचा ओढा मेमध्ये खडखडीत असताना पेज वाहते. प्रवाहावर जगणाऱ्या अळ्या तिथे मेमध्येही शोधून पाहा, आणि शेजारच्या आटलेल्या ओढ्याची यादी समोर ठेवा. दोन तासांच्या अंतरात प्रवाह काय करतो हे जितकं स्पष्ट दिसेल तितकं कुठल्या पुस्तकात दिसणार नाही. तिथे एक काळजी घ्या : विजेच्या मागणीप्रमाणे पाणी कमी-जास्त सोडतात, पातळी अचानक चढते. एकट्याने उतरू नका, सामान काठावर उंच ठेवा.

दुसरं टोक मुंबईतच आहे. दहिसर नदी उद्यानाबाहेर पडून वस्तीत शिरली की सांडपाणी आणि तबेल्यांचं शेण तिला मिळतं. अशा पाण्यात बहुधा ट्युबिफेक्स गांडुळं आणि लाल कायरोनोमिडी यांचंच राज्य असतं. पावसात ती धुऊन जातात, पण पाणी ओसरताच तीच परत येतात, आणि डिसेंबरचा नमुना एप्रिलच्या नमुन्यासारखाच दिसतो. पेजमध्ये ऋतू बोथट होतो तो वरून सोडलेल्या पाण्यामुळे, इथे तो पुसला जातो घाणीमुळे. दोन्ही ठिकाणी चार भेटींच्या याद्या एकमेकींसारख्या येतात, कारणं मात्र वेगळी. कुठल्या कुळांनी त्या भरल्या आहेत ते पाहिलं की फरक लगेच कळतो. या खालच्या भागात उतरायचं नाही, पुलावरून बादली आणि दोरीने गाळ काढायचा, हातमोजे घालायचे.

नोंदी कुठे ठेवायच्या

वहीत प्रत्येक भेटीला एकच पान : तारीख, शेवटचा मोठा पाऊस कधी झाला, खडकाच्या खुणेपासून पातळी, तापमान, वेग, ओल्या तळाचं माप आणि मग यादी. काही सापडलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा. मोकळी जागा ठेवली तर वर्षभराने ते शून्य होतं की कंटाळा होता हे आठवत नाही.

फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका. वरून एक, बाजूने एक आणि नख्या किंवा कल्ले दिसतील असा एक, सोबत पट्टी. नुसत्या वरून काढलेल्या धूसर फोटोवर कुणी मत देत नाही. माणसांना भेटून शिकायचं असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं शिक्षण केंद्र गोरेगावला फिल्मसिटीच्या बाजूला आहे, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात. जाताना वही घेऊन जा. नीट तारखा टाकलेली चार पानं दाखवली की तज्ज्ञ माणूस वेळ काढतो.

हे जूनमध्ये वाचत असाल तर आता फक्त जागा हेरा, खडकावर खूण करा आणि जाळी शिवायला टाका. नोव्हेंबरात वाचत असाल तर येत्या रविवारीच निघा.